जुन्या बीएसएचं वायरिंग: तयार हार्नेस (वायरींचा जुडगा) घ्यावा की स्वतः करावं? 12 व्होल्ट करावं का?

तुम्ही लिहिलंय की आजोबांच्या 1953 च्या बीएसए बी-33 मोटरसायकलची फ्रेम पावडर कोटिंग होऊन आली, आता वायरिंग नव्याने करायचंय, आणि मेकॅनिक म्हणतो, ‘लुकासचं सामान भंगार, सगळं उपटा आणि 12 व्होल्ट करा.’ (लुकास म्हणजे या गाड्यांचं विजेचं सामान बनवणारी इंग्रज कंपनी.) हेच वाक्य माझा मेव्हणा प्रत्येक लग्नकार्यात मला ऐकवतो, म्हणून लिहायला बसलो.

माझी गाडीही बी-33 च, सासऱ्यांची. तिचीही फ्रेम अशीच कोट केली, वायरिंग नवं टाकलं, आणि पहिल्याच रात्री दिवेघाट उतरताना हेडलाइटचा काजवा झाला. हँडल वळवलं की उजेड कमीजास्त. मेव्हणा मागे बसलेला. इंग्रज लोकच लुकासला ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणतात, हे त्याने हडपसर येईपर्यंत ऐकवलं.

सकाळी दिवा चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावलं, दुसरं हेडलाइटच्या शेलला. शून्याच्या आसपास दिसायला हवं होतं, काटा व्होल्टभर सरकला. या गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह फ्रेमला जोडलेलं असतं (हेच पॉझिटिव्ह अर्थिंग), आणि दिव्याचा करंट शेल, फोर्क, स्टिअरिंगचे छर्रे आणि फ्रेम अशा रस्त्याने परततो. छर्ऱ्यांत ग्रीस, फ्रेमवर पावडर कोटिंगचा प्लास्टिकसारखा थर. जाणार कुठून तो? गाडी 6 व्होल्टची. सहातला अर्धा व्होल्ट वाटेत गेला तरी उजेड पाव हिश्शाने उतरतो, इथे तर अख्खा एक गेला होता. यात लुकासचा काय दोष?

मी काहीही उपटलं नाही. शेल, टेल लॅम्प, इंजिन आणि रेग्युलेटरच्या (चार्जिंग आवरणाऱ्या डबीच्या) ई म्हणजे अर्थ टर्मिनलपासून एकेक लाल वायर थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणली. (लुकासच्या रंगांत लाल म्हणजे अर्थिंग. तुमच्या इलेक्ट्रिशियनला हे आधीच सांगा, नाहीतर तो सवयीने लाल वायर लाइव्ह धरेल.) त्यानंतर दिवा ठणठणीत. मेव्हण्याचं म्हणणं, ‘नशीब!’

आता 12 व्होल्ट. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावून बॅटरी चार्ज करणारा गाडीचा हाच डायनॅमो 12 व्होल्ट देतो, ते खोटं नाही. करंट निम्मा होतो, वायरीतलं नुकसान घटतं. पण तेवढं व्होल्टेज गाठायला त्याला जास्त फिरावं लागतं, म्हणजे गावातल्या ट्रॅफिकमध्ये चार्जिंगची बोंब. अर्थिंग नीट न करता 12 व्होल्ट करणारे नुसता रोग झाकतात. आधी 6 वर चालवून बघा. आणि गाडी स्टार्ट होत नाही म्हणून वायरिंगकडे बोट दाखवू नका. स्पार्क मॅग्नेटोचा असतो, तो इंजिनबरोबर फिरून स्वतःच वीज करतो, त्याला बॅटरी लागतच नाही. (मेव्हण्याला हे अजून पटलेलं नाही.)

तयार हार्नेस घेतलात तरी चालेल, वेळ वाचतो. स्वतः करणार असाल तर दिव्यांना 0.30 मिमीच्या 14 तारांची वायर आणि बॅटरीपासून अँमीटरपर्यंत 28 तारांची घ्या. बुलेट कनेक्टर सोल्डर करा, पक्कडीने दाबलेले खड्ड्यांवर टिकत नाहीत. फ्यूज मुळात नसतोच, तरी बॅटरीच्या निगेटिव्हवर 15 अँपिअरचा घाला.

हो, एक राहिलं. 1953 ची गाडी पॉझिटिव्ह अर्थिंगची असणार, पण इतक्या वर्षांत कोणी उलटवली असेल तर? बॅटरी जोडण्याआधी मीटरने डायनॅमोची पोलॅरिटी बघा. बॅटरी आणि डायनॅमो एकमेकांच्या विरुद्ध राहिले तर कट-आउटचे (डायनॅमो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट जळतात किंवा चिकटतात. पोलॅरिटी उलटी निघाली तर डायनॅमोच्या वायरी सोडवा, बॅटरीचं पॉझिटिव्ह इंजिनला धरा आणि निगेटिव्हची वायर डायनॅमोच्या एफ (फील्ड) टर्मिनलला क्षणभर टेकवा, काम होतं. एलईडी बल्ब घ्याल तर पॉझिटिव्ह अर्थिंगवर चालणारेच मागा. आणि हे सगळं डायनॅमोवाल्या गाडीचं. 1958 पासूनच्या बी-33 ला अल्टरनेटर आहे, तिथलं गणित वेगळं.

टाकीखालून वायर नेल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, कुठे ताण येत नाही ना, आणि मगच पट्ट्या आवळा.