मांजर सूड उगवत नाही

“मॅडम, ती मुद्दाम करते. लिटर बॉक्स सोडून बरोबर यांच्याच बाजूला, यांच्या उशीजवळ करते.”

मांजरांच्या वागण्याबद्दल सल्ला मागायला येणाऱ्यांकडून अशी तक्रार मी सतत ऐकते. (लिटर बॉक्स म्हणजे मांजराच्या शौचासाठी घरात ठेवलेला, मातीसारखे दाणे भरलेला डबा. त्या दाण्यांना लिटर म्हणतात.) कुणाकडे उशी असते, कुणाकडे सोफा, कुणाकडे धुऊन घडी करून ठेवलेले कपडे. संशय मात्र सगळ्यांचा एकच, की मांजर आपल्यावर राग काढते आहे. हा संशय एकदा मनात बसला की माणूस कारण शोधायचं थांबतो आणि शिक्षा शोधायला लागतो. म्हणून एका घराची हकिकत जरा सविस्तर सांगते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

सुरुवातीची तक्रार ज्यांची, त्या ताईंची मांजर चार वर्षांची, नसबंदी झालेली, कधीच घराबाहेर न जाणारी. पिल्लू असल्यापासून बॉक्स तिनं एकदाही चुकवला नव्हता. आणि आता दोन महिन्यांपासून गादीवर लघवी. गादी उन्हात टाकून झाली, चादरी धुऊन धुऊन विटल्या. तिला रागावून झालं, ओल्या चादरीवर तिचं नाक टेकवून झालं, धरून बॉक्समध्ये बसवून झालं. परिणाम एवढाच झाला, की ताईंची चाहूल लागली तरी ती पलंगाखाली जाऊन बसायची. ताईंच्या पतींचं म्हणणं होतं, कुणाला तरी देऊन टाकू. ताईंना ते सहन होत नव्हतं आणि रोजची ओली गादीही सहन होत नव्हती.

नाक घासण्याबद्दल आधी बोलले, कारण ते त्याच दिवशी थांबायला हवं होतं. लघवी होऊन गेल्यावर मिळणारी शिक्षा मांजर त्या लघवीशी जोडत नाही, ती समोरच्या माणसाशी जोडते. त्यातून ती दोन गोष्टी शिकते: या माणसापासून लांब राहायचं आणि लघवी याला दिसणार नाही अशा जागी करायची. धरून बॉक्समध्ये बसवलं, तर बॉक्स म्हणजे पकडले जाण्याची जागा होते. ताईंना हे ऐकताना वाईट वाटलं. पण त्यांनी मांजरीचं वाकडं चिंतलं नव्हतं, आजूबाजूला जे ऐकलं ते करून पाहिलं होतं, हेही मी त्यांना सांगितलं.

मग मी विचारलं, ती उभी राहून, शेपटी थरथरवत भिंतीवर किंवा कपाटावर फवारते, की खाली बसून करते? हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते. उभ्यानं, थोडीशी, उभ्या पृष्ठभागावर केली जाते ती खूण असते. हद्द सांगण्याची ती रीत आहे आणि नसबंदी न झालेल्या बोक्यांत ती सर्वाधिक दिसते. नसबंदीनंतर बहुतेक बोक्यांचं हे थांबतं किंवा खूप कमी होतं. या घरातली मांजर मात्र खाली बसून करत होती. म्हणजे प्रश्न हद्दीचा नव्हता, शौचाच्या जागेचा होता.

“दिवसातून किती वेळा बसते? प्रत्येक वेळी किती होते?” ताईंना सांगता येईना. मग आठवून म्हणाल्या, हल्ली बऱ्याचदा बसते आणि थोडी थोडीच होते. एवढं कळल्यावर बाकीची चर्चा बाजूला ठेवली आणि त्यांना पशुवैद्याकडे पाठवलं. नीट शिकलेलं मांजर अचानक बॉक्स सोडतं, तेव्हा आधी शरीर तपासायचं. मूत्राशयाची सूज, लघवीतले खडे, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, म्हातारपणी सांधेदुखी, बद्धकोष्ठ, यांतलं काहीही असू शकतं. लघवी करताना दुखलं की मांजर त्या दुखण्याचा दोष बॉक्सला देते आणि न दुखणारी जागा शोधत मऊ गादीवर येते.

बोक्याच्या बाबतीत तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तो पुन्हा पुन्हा बॉक्समध्ये जाऊन जोर करतोय, ओरडतोय, आणि लघवी थेंबभर किंवा अजिबात होत नाही, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. एक-दोन दिवसांत जीव जातो यात. सकाळपर्यंत वाट बघायची नाही, रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.

तपासणीत संसर्ग निघाला नाही, खडेही नाहीत. मूत्राशयाला सूज होती. मूत्रमार्गाच्या तक्रारी असलेल्या निम्म्याहून अधिक मांजरांत असंच होतं, ठोस कारण सापडत नाही, आणि अशा सुजेचा ताणाशी जवळचा संबंध असतो. डॉक्टरांनी वेदनाशामक औषध दिलं, जास्त पाणी पोटात जाईल असं ओलं खाणं सुरू करायला सांगितलं. दुखणं उतरलं. गादीवरची लघवी कमी झाली, थांबली नाही. म्हणजे ताण घरातच कुठेतरी होता.

मी ताईंना दोन कामं दिली. घराचा साधा नकाशा काढायचा आणि लघवी सापडेल तिथे फुली मारून वेळ लिहायची. आणि मांजर बॉक्सकडे जाईल तेव्हा लांबून मोबाइलवर चित्रण करायचं, मध्ये पडायचं नाही.

ते चित्रण मी अनेकदा पाहिलं. बॉक्स झाकणाचा, गॅलरीच्या कोपऱ्यात, वॉशिंग मशीनला खेटून. मांजर येते, दाराशी थबकते, आत डोकावते. मागचे पाय लिटरमध्ये, पुढचे दोन्ही पंजे बॉक्सच्या काठावर. ती उकरत नाही. दोन क्षण बसते आणि उडी मारून बाहेर येते, झाकायला मागे वळतसुद्धा नाही, पंजा झटकत झटकत निघते. बारीक माती उकरणं आणि झाकणं तिच्या रक्तात आहे, तीन-चार आठवड्यांचं पिल्लूदेखील कुणी न शिकवता ते करू लागतं. तेच करायचं ती टाळत असेल, तर तिला ते लिटर पायाला नको झालेलं असतं. विचारल्यावर कळलं, की वास येऊ नये म्हणून सुगंधी, जाड दाण्यांचं लिटर आणलं होतं आणि झाकणही त्याच सुमारास आलं. झाकणामुळे वास माणसांपुरता कमी झाला होता. आत तो कोंडला होता.

चित्रणाच्या शेवटी आणखी एक गोष्ट होती, ती ताईंच्या नजरेतून सुटली होती. गॅलरीच्या उंबऱ्यावर घरातला दुसरा मेंबर, सहा महिन्यांपूर्वी आणलेला तरुण बोका, पाय दुमडून शांत बसला होता. “ते दोघं भांडत नाहीत हो,” ताई म्हणाल्या. खरंच भांडत नव्हते. पण एकानं वाट अडवून नुसतं टक लावून बसायचं आणि दुसरीनं पाणी प्यायला किंवा लघवीला जायचं टाळायचं, हे मांजरांचं भांडणच आहे, आवाज नसलेलं. गॅलरीला दार एकच. बॉक्सलाही तोंड एकच. आत अडकलो तर पळायचं कुठून, असा तिचा प्रश्न होता.

नकाशावरच्या फुल्याही तेच सांगत होत्या. पलंग, सोफ्यावरची रजई, न्हाणीघरासमोरचं पायपुसणं. सगळ्या जागा मऊ, शोषून घेणाऱ्या, आणि पलंग तर असा की तिथून खोलीचं दार दिसतं. पतींचीच बाजू का? ती भिंतीकडची, दारापासून लांबची बाजू होती. शिवाय घाबरलेलं मांजर आपला वास ओळखीच्या माणसाच्या दाट वासात मिसळायला बघतं, असं मला पुष्कळदा दिसलं आहे. त्यांच्याबद्दल तिला द्वेष असता, तर ती त्यांच्या उशीपाशी गेलीच नसती.

हे मी पुढच्या भेटीत पतींसमोर बोलले. ते बराच वेळ गप्प होते. मग खरी गोष्ट बाहेर आली. दोघं बाळाचा विचार करत होते, आणि मांजराच्या विष्ठेतून गर्भाला धोका असतो असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मांजर देऊन टाकायचा आग्रह त्यातून होता, गादी हे निमित्त. बायकोला घाबरवायचं नाही म्हणून ते बोलले नव्हते.

धोका खरा आहे, पण टाळता येण्याजोगा आहे. टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो, तरी संसर्ग करण्याइतका तयार व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून बॉक्स रोज साफ झाला पाहिजे आणि गरोदरपणात ते काम दुसऱ्यानं करायचं. करावंच लागलं तर हातमोजे घालायचे, नंतर साबणानं हात धुवायचे. घरातच राहणाऱ्या, कच्चं मांस न खाणाऱ्या मांजरापेक्षा अर्धवट शिजलेलं मांस आणि न धुतलेली भाजी यांतूनच हा संसर्ग माणसांना अधिक होतो. बाकी तपासण्यांबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलायचं. पती म्हणाले, “मग साफ मी करतो.” या घरात जे काही सुधारलं, त्यात या वाक्याचा वाटा मी फार मोठा मानते.

बदल अवघड नव्हते. मांजरं दोन, म्हणून बॉक्स तीन, पण वेगवेगळ्या खोल्यांत. तीन बॉक्स एका रांगेत ठेवले तर मांजराच्या हिशेबी ती एकच जागा होते आणि एक बोका तिन्हींवर पहारा ठेवू शकतो. झाकण काढलं. विकतचे बॉक्स बरेचदा तोकडे असतात. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मांजर जेवढं लांब, त्याच्या दीडपट बॉक्स हवा, म्हणून सामान ठेवायचे मोठे प्लॅस्टिकचे डबे घेतले आणि आत जायला एक बाजू कापून बुटकी केली. लिटर बिनवासाचं, बारीक, गोळे होणारं, साधारण ५ सेंटीमीटर जाडीचं. (अगदी लहान पिल्लांना मात्र गोळे होणारं लिटर देऊ नका, ती ते खातात.) सकाळ-संध्याकाळ गोळे काढायचे, अधूनमधून सगळं बदलून डबा सौम्य साबणानं धुवायचा. खाण्याच्या वाट्या तिथून लांब.

गादीसाठी एन्झाइमचं, म्हणजे लघवीतले घटकच मोडून टाकणारं क्लीनर लागलं. साबणानं आपल्या नाकाला वास जातो, तिच्या नाकाला लघवीतलं युरिक ॲसिड जाणवत राहतं. अमोनियाच्या क्लीनरचा वास तिला लघवीसारखाच वाटतो. फिनाईल तर पुसायलाही वापरू नये, त्यात असू शकणारं फिनॉल मांजरांना विषारी असतं कारण त्यांचं शरीर ते नीट पचवून बाहेर टाकू शकत नाही. वास पूर्ण जाईपर्यंत बेडरूमचं दार बंद ठेवायला सांगितलं.

बोक्याची रग जिरवायची जबाबदारी ताईंनी घेतली, काठीला बांधलेल्या पिसाशी रोज संध्याकाळी दमेपर्यंत खेळ. मांजरीला चढून बसायला कपाटावर जागा केली. तिच्याशी पतींनी स्वतःहून काही करायचं नव्हतं, फक्त जवळ जमिनीवर बसून खाऊ ठेवायचा आणि उठून जायचं.

एका झटक्यात काही झालं नाही. पाहुणे आले त्या आठवड्यात रजई पुन्हा ओली झाली. पण त्या वेळी ताईंनी मांजरीला रागावण्याऐवजी नकाशा काढला आणि पाहुण्यांच्या बॅगा एका बॉक्सच्या वाटेत ठेवल्याचं त्यांचं त्यांनाच दिसलं. बॅगा हलवल्या, रजई एन्झाइमनं धुतली, पुढे तिथे काही झालं नाही.

मधे एकदा पतींचा फोन आला. नेहमीचं लिटर मिळत नव्हतं, दुसरं आणलं तर चालेल का? चालेल, फक्त एकदम ओतू नका. आधी जुन्यात मूठभर मिसळा आणि आठ-दहा दिवसांत प्रमाण वाढवत न्या. निदान एका बॉक्समध्ये तरी तोवर जुनंच असू द्या. ती पुन्हा काठावर पंजे ठेवून बसायला लागली, तर नवं पाकीट परत करा.