काय खाल्लं ते नंतर, आधी वेळ सांगा

पावसाळा लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत पोटाचीच पत्रं जास्त. त्यांतली पाच आज घेतली आहेत.

प्रश्न: मी सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. रविवारी दुपारी 1 वाजता मेसमध्ये फीस्ट होती: पुलाव, पनीर, बासुंदी. साडेचारला भेळ खाल्ली आणि पाचला उलट्या सुरू झाल्या. रूममेटने भेळ खाल्ली नव्हती, तरी त्यालाही झाल्या. भेळवाल्याला जाब विचारू का?

उत्तर: नको, तो बहुधा निर्दोष आहे. शेवटी जे खाल्लं त्याच्यावरच आपण आळ घेतो, कारण उलटीत तेच दिसतं. पण जेवणानंतर चार तासांत, ताप नसताना उलट्यांचा जोर म्हणजे जंतूने पदार्थात आधीच विष सोडून ठेवलेलं असण्याची शक्यता मोठी. स्टॅफिलोकोकस हा जंतू आपल्या नाकात, हातावरच्या पिकलेल्या जखमेत असतो. बासुंदी आटताना तो मरतो, पण निवल्यावर कुणाच्या तरी हातातून पुन्हा पडतो आणि पातेलं तीन-चार तास बाहेर राहिलं की त्याचं काम होतं. त्रास अर्ध्या तासापासून 8 तासांत कधीही सुरू होतो आणि साधारण दिवसभरात ओसरतो. पुलावही संशयितच आहे, त्याचं पुढच्या उत्तरात येईल.

साल्मोनेला या जंतूला मात्र 6 तासांपासून 6 दिवसांपर्यंत वेळ लागतो, कॅम्पायलोबॅक्टर या दुसऱ्या जंतूला बहुधा 2 ते 5 दिवस. म्हणून ताप आणि जुलाब घेऊन आलेल्याला मी परवाचं जेवण विचारतो. बहुतेकांना आठवत नाही. मलाही आठवलं नसतं.

प्रश्न: आमच्याकडे रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकतात. सूनबाई म्हणते, शिळा भात विषारी असतो. मी पन्नास वर्षं खातेय, मला काही झालं नाही. (कोथरूडच्या एक आजी)

उत्तर: आजी, फोडणीचा भात मीही खातो, त्यामुळे निकाल पूर्ण सूनबाईंच्या बाजूने लागणार नाही. पण त्यांचं म्हणणं हवेतलं नाही.

तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूची बीजं असू शकतात आणि ती भात शिजतानाही टिकून राहतात. भात ओट्यावर झाकून ठेवला की आतली ऊब तासन् तास टिकते. त्या उबेत बीजं रुजतात, जंतू वाढतात आणि विष तयार करतात. हे विष इतकं चिवट की 121 अंशांवर दीड तास तापवलं तरी नष्ट होत नाही. तिथे आपल्या मोहरी-हिंगाच्या फोडणीचा काय पाड! जंतू मरतील, विष तसंच राहील. वासावरही जाऊ नका. आंबल्याचा वास वेगळ्या जंतूंचा असतो, या विषाला वासच नसतो.

मग पन्नास वर्षं काही का झालं नाही? प्रत्येक वेळी विष तयार होतंच असं नाही, आणि पुण्यातली डिसेंबरची रात्र तुमच्या बाजूने असते. मेमधली नसते. तेव्हा जेवणं आटोपली की उरलेला भात ताटात पसरून निववायचा आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवायचा, कडक उन्हाळ्यात तासाभरात. सकाळी लागेल तेवढाच काढून चांगला वाफ येईपर्यंत परतायचा. परतलेला उरला तर तो पुन्हा ठेवायचा नाही. हे जमत असेल तर फोडणी खुशाल घाला.

प्रश्न: तीन वर्षांच्या मुलाला जुलाब होताहेत. ओआरएस म्हणून पॅकबंद फळांच्या चवीचं पेय आणलं, ते तो आवडीने पितो. चालेल ना?

उत्तर: आवडीने पितो, हीच मेख आहे. अशा बऱ्याच पेयांत साखर जास्त आणि मीठ कमी असतं, आणि जास्तीच्या साखरेने जुलाब वाढू शकतात. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला बंदी घातली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे, असं छापलेली पावडरच घ्या. पुडी एक लिटरची आहे की 200 मिलीची, ते वाचा. लिटरची पुडी पेलाभर पाण्यात कालवणारे पालक मी दर पावसाळ्यात पाहतो. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. दर जुलाबानंतर 100 ते 200 मिली द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने पाजा. तयार पाणी 24 तासांनी फेका. मऊ भात, वरण चालू ठेवा. झिंक डॉक्टरांकडून लिहून घ्या.

1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच साखर-मिठाचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि कॉलराचे मृत्यू झपाट्याने कमी केले.

मात्र सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेले, रडताना अश्रू नाहीत, मूल मलूल आहे, शौचात रक्त आहे, यातलं एक जरी दिसलं तरी लगेच दवाखाना.

प्रश्न: आम्ही सिंहगड रस्त्यावर राहतो. गेल्या वर्षीपासून, म्हणजे जीबीएसची (गिलाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली तेव्हापासून, घरात चिकन बंद आहे. पुन्हा सुरू करावं का?

उत्तर: करा. जानेवारी 2025 मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी भागात ही साथ दिसली तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर सापडला आणि संशय पाण्यावर गेला. या जंतूशी लढताना शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं क्वचित आपल्याच नसांवर उलटतात. हे घडतं ते पोट बिघडल्यानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांनी. जुलाब विसरून गेल्यावर पायांत मुंग्या, जिना चढताना गुडघ्यांत बळ नाही असं वाटलं तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. चिकन हाडापर्यंत शिजवा, आतला गुलाबीपणा राहू देऊ नका. आणि कृपा करून कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका. त्याचे शिंतोडे शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात, आणि कोथिंबीर आपण कच्चीच खातो. पिण्याचं पाणी उकळता ते उकळत राहा.

प्रश्न: रात्री स्वारगेटहून बस आहे आणि सकाळपासून जुलाब. जुलाब थांबवायची गोळी घेऊ का?

उत्तर: ताप नाही, रक्त नाही आणि तुम्ही प्रौढ असाल तर प्रवासापुरती लोपेरामाइड चालेल. ताप किंवा रक्त असेल तर नाही, लहान मुलांना तर नाहीच. अँटिबायोटिक मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. बाटलीत ओआरएस कालवून सोबत ठेवा आणि ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा.