गोळी चुकते कुठे? लेकरांच्या एआरटीबद्दल (एचआयव्हीवरच्या रोजच्या औषधांबद्दल) तुमचे प्रश्न

प्रश्न: नातू चार वर्षांचा आहे, औषध तोंडात घातलं की थुंकतो. सून गेली, मुलगा कामावर जातो, मीच देते. – एक आजी, सोलापूर

आजी, थुंकतो म्हणून नाक दाबून पाजू नका हो, उद्या तो वाटी बघूनच पळेल. पूर्वीचं लोपिनाविर-रिटोनाविरचं सिरप भयंकर कडू होतं, आता डोल्युटेग्राविरची 10 मिलीग्रॅमची पाण्यात विरघळणारी गोळी मिळते, गोड चवीची, तुमच्याकडे कुठली आहे ते एआरटी सेंटरला विचारा. छोट्या वाटीत दोन चमचे पाणी, त्यात गोळी, हलवायचं आणि विरघळली की लगेच पाजायचं. मग त्याच वाटीत परत थोडं पाणी फिरवून तेही पाजा, कारण तळाशी पांढरं बसलेलं असतं ना, तोही डोसच आहे. दुधाच्या बाटलीत मिसळू नका, अर्धी बाटली ठेवली तर किती पोटात गेलं कसं कळणार? अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर पुन्हा द्या. आणि दर वेळी वजन करून घ्या, डोस वजनावर ठरतो, पोरगं वाढलं आणि डोस जुनाच राहिला असं मी बऱ्याचदा बघते.

प्रश्न: मुलगी 11 वर्षांची, तिला "रक्त वाढायची गोळी" सांगितलंय. आता विचारते, मग दादाला का नाही? – आई, सांगली

ताई, ती विचारतेय म्हणजे तिला अर्धं कळलंय. 6 ते 12 वर्षांच्या दरम्यान वयाला झेपेल तसं सांगावं असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते. एकदम नाव घ्यायची गरज नाही. आधी "तुझ्या रक्तात एक जंतू आहे, गोळी घेतली की तो दबून राहतो" इथपर्यंत, मग काही महिन्यांनी नाव. माझ्यासमोर बसलेल्या एका मुलीने डब्यावरचं नाव मोबाईलवर टाकून बघितलं होतं आणि दोन महिने कोणालाच काही बोलली नव्हती, गोळ्या मात्र बंद केल्या होत्या. तेवढं एकटं पडू देऊ नका तिला. "तुझ्यामुळे झालं का?" हा प्रश्न येणार, त्याची तयारी काउन्सेलरबरोबर आधी करा, मग सांगा.

प्रश्न: मुलगा 15 चा, होस्टेलला असतो. व्हायरल लोड (रक्तातल्या जंतूंचं प्रमाण) 8 हजार आला. सुट्टीत बॅग उघडली तर गोळ्या तशाच. मी हात उचलला. – वडील, लातूर

दादा, मारून गोळी पोटात जात नाही, उलट पुढच्या वेळी तो जास्त नीट लपवेल. होस्टेलमधल्या एका मुलाने मला सांगितलं, बॅग उचलली की डबा खुळखुळतो आणि पोरं विचारतात काय आहे. बास, एवढंच कारण! आम्ही डब्यात कापूस घातला, आवाज बंद, गोळ्या सुरू. तुमच्या मुलाला असंच विचारा, कधी घेतोस, कोण बघतं, पण रागावून नाही. 1000 च्या वर लोड आला की बहुतेकदा आधी काही महिने समुपदेशन करून तपासणी परत करतात, सुधारलं तर तीच औषधं चालतात, आणि चुकतच राहिलं तर मात्र जंतू औषधाला दाद देईनासा होतो. होस्टेलला आजार सांगायची सक्ती कोणी करू शकत नाही, 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे तुमच्या बाजूने. विश्वासातला एक वॉर्डन मुलाला चालत असेल तरच सांगा.

प्रश्न: आम्ही ऊसतोडीला जातो, लेकराच्या गोळ्यांचं काय? – बीड

कोयत्यावर निघायच्या आधी सेंटरला जा, गावाचं नाव, कारखाना, किती महिने सगळं सांगा. तब्येत स्थिर असेल तर जास्त दिवसांच्या गोळ्या मिळतात किंवा जवळच्या सेंटरची सोय होते. ग्रीन बुक (सेंटरने दिलेलं औषधांच्या नोंदीचं पुस्तक) सोबत घ्या, भांड्यांच्या बोचक्यात नको, अंगावरच्या पिशवीत.

प्रश्न: शाळेत लोहाची गोळी देतात, चालेल का? – शिक्षिका

चालेल. डोल्युटेग्राविर चालू असेल तर दोन्ही जेवणासोबत एकत्र घेता येतात, रिकाम्या पोटी मात्र नाही. तसं जमत नसेल तर एआरटीची गोळी लोहाच्या 2 तास आधी किंवा 6 तास नंतर. कॅल्शियमलाही हेच.