केबलचं गणित मोटरला लावू नका

प्रश्न : भोगावतीकाठी ऊस आहे. पुरात बुडू नये म्हणून स्टार्टरची पेटी वर बांधली. तिथून नदीवरच्या ५ एचपी मोटरपर्यंत ३०० मीटर केबल आहे, तांब्याची, अडीच स्क्वेअरची (तारेची जाडी अडीच चौरस मिलिमीटर). यंदा मोटर दोनदा जळाली, दोनदा भरून (आतली तार, म्हणजे वाइंडिंग, नव्याने गुंडाळून) आणली. पेटीवर ३८० व्होल्ट आणि ९.५ अँपिअर दिसतात. भागाकार केला तर ४० ओहम येतो. मल्टिमीटर मात्र वाइंडिंगला ४ ओहमच दाखवतो. गुणाकार ३६१० वॅट, म्हणजे ५ एचपीपेक्षा कमीच. वाइंडिंगवाल्याने फसवलं का?

उत्तर : त्याच्यावरचा संशय आधी काढा, ४ ओहम ठीकच आहे. व्होल्टला अँपिअरने भागून ओहम काढायचं गणित हीटरला, तारेला चालतं. मोटरमध्ये अडसर नुसत्या तारेचा असता तर ३८० भागिले ४, म्हणजे दोन टोकांमध्येच ९५ अँपिअर गेले असते. फिरती मोटर स्वतःच उलटा दाब तयार करते, म्हणून प्रवाह आवरतो. मल्टिमीटरने एवढंच बघा, की मोटरच्या तीन टोकांपैकी दोन-दोन घेऊन होणाऱ्या तिन्ही जोड्यांचे आकडे सारखे आहेत का. तेही मेन बंद करून, वायरी सोडवून.

वॅटचं म्हणाल तर थ्री फेजला गुणाकारात १.७३ आणि पॉवर फॅक्टर (गुणाकारातला खरोखर कामी येणारा हिस्सा), साधारण ०.८, धरावा लागतो. व्होल्टही मोटरच्या टोकाचे हवेत, पेटीवरचे नव्हेत. खरी गोम इथेच आहे.

अडीच स्क्वेअरच्या तांब्याचा विरोध किलोमीटरला सुमारे ८ ओहम, म्हणजे तुमच्या ३०० मीटरला २.४. यातून ९.५ अँपिअर गेले की फेजमागे २३ व्होल्ट पडतात, दोन फेजमध्ये मोजलं तर ४०. मोटरला मिळतात साधारण ३४०. आता गुणा : १.७३ × ३४० × ९.५ × ०.८, जवळपास ४४७० वॅट. मोटरमधली घट वजा जाता हे पुरे ५ एचपी होतात. पाणी तेवढंच उचलायचं आणि व्होल्ट कमी, म्हणून ती अँपिअर जास्त ओढते. मोटरच्या पाटीवर ७.५ अँपिअर असतील, तर ९.५ ला वाइंडिंगमधली उष्णता दीडपटीच्या वर जाते, कारण ती अँपिअरच्या वर्गाने वाढते. तिन्ही तारांत मिळून ६५० वॅट नुसते तापण्यात जातात. आठ तासांच्या पाळीत पाच युनिट पाचटाखाली गेले समजा.

केबल ६ स्क्वेअरची घाला. विरोध १ ओहमवर येईल, मोटरला ३६५ च्या आसपास व्होल्ट मिळतील. खर्च आहे, पण दोनदा मोटर भरायला किती गेले तेही आठवा. पेटीवरच ३८० येतात हेही कमी आहे. ठरलेल्या ४१५ व्होल्टच्या सहा टक्के खाली धरलं तरी ३९० हवेत. मोटर चालू असताना वायरमनकडून मोजून घ्या आणि वीज कार्यालयात लेखी तक्रार द्या.

केबलचे जोडही बघा. सायकलच्या ट्यूबने गुंडाळलेला जोड मी बऱ्याच बांधांवर पाहतो; मोटर बंद केल्यावरही ट्यूब मऊ, कोमट लागते. अशा जोडात ०.२ ओहम विरोध जरी असला, तरी एका ठिकाणी १८ वॅट तापतात. डाग द्यायची छोटी सोल्डरिंग आयर्न एवढ्यावरच चालते.

आणि ट्रिप होते म्हणून ओव्हरलोड रिले (जास्त अँपिअर गेले की मोटर बंद पाडणारा) ११ अँपिअरवर नेऊन ठेवला असेल, तर आजच पाटीवरच्या आकड्यावर आणा. केबल बदलेपर्यंत मोटर मध्येच बंद पडेल, पडू द्या.