बंद होताना हिसका का बसतो?

प्रश्न : माझी चार सिलिंडरची टर्बो पेट्रोल स्पोर्ट्‌स कार आहे, गिअर मॅन्युअल. चालवताना किंवा उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, म्हणजे आयडलिंगला, काही तक्रार नाही. पण बटण दाबून इंजिन बंद केलं की शेवटी अख्खी गाडी थरथरते आणि सीटला हिसका बसतो. अलीकडे हे वाढलंय. गॅरेजवाले म्हणतात, फ्लायव्हील बदला. बदलू का?

उत्तर : एवढ्यात नको. फ्लायव्हील म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं जड चाक. ते बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवणं आलं, आणि तुमच्या पत्रात फ्लायव्हीलकडे बोट दाखवणारं फारसं काही नाही.

थोडी थरथर प्रत्येक इंजिनाला असतेच. पेट्रोल तुटलं तरी पिस्टन हवा दाबतच असतात, चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्याला दोनदा. 900 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 900 फेरे असताना, हे सेकंदाला 30 ठोके झाले. रबरी माउंटिंगवर बसलेलं इंजिन स्वतःच्या लयीत डोलतं ते याहून बरंच सावकाश, सेकंदाला साधारण 10 वेळा म्हणा. वेग उतरत 300 आरपीएमपाशी आला की ठोकेही 10 होतात. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का मिळावा तसं इंजिन हलतं. त्यात अगदी शेवटी दाबलेली हवा पिस्टनला मागे ढकलते आणि क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, किंचित उलटा फिरतो. हिसका तो.

स्पोर्ट्‌स कारमध्ये हे जास्त जाणवतं, कारण वळणावर इंजिन डोलू नये म्हणून माउंटिंग कडक ठेवतात. पोर्शेने 2009 च्या 911 जीटी3 साठी चुंबकीय द्रव भरलेली माउंटिंग देऊ केली, ती गरजेप्रमाणे कडक किंवा मऊ होतात. एरवी कंपनीला दोहोंतलं एक निवडावं लागतं, आणि स्पोर्ट्‌स कारवाले काय निवडतात ते तुमच्या सीटला कळतंच आहे.

पण तुम्ही ‘वाढलंय’ लिहिलंत, तेव्हा कारण शोधायला हवं. माझा पहिला संशय माउंटिंगवरच. हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलला ठेवा, बॉनेट उघडा आणि दुसऱ्या कुणाला तरी अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात दाबून सोडायला सांगा. इंजिन उसळून धपकन बसलं, तर रबर गेलंय. द्रव भरलेलं माउंटिंग फुटलं असेल तर त्याच्याखाली ओला, काळपट डाग दिसेल. इंजिन आडवं बसवलेलं असेल तर इंजिनाचं डोलणं रोखणाऱ्या खालच्या टॉर्क रॉडचं रबरी बुश जरूर पाहा. तिथली चीर वरून दिसत नाही आणि बरेच जण तिकडे वाकतही नाहीत. ठिणगी पाडणाऱ्या प्लग-कॉइलच्या फंदात मात्र पडू नका. तिथे बिघाड असता तर आयडलिंगलाच कळला असता.

फ्लायव्हीलचा दोष सहसा कानाला कळतो. तुमच्या गाडीत बहुधा ड्युअल मास फ्लायव्हील असेल: दोन चकत्या, मध्ये स्प्रिंगा. त्या सैल झाल्या की बंद करताना आणि बरेचदा सुरू करतानाही धातूची खणखण ऐकू येते. ती येत असेल तर गॅरेजवाल्यांचं ऐका. तरी गिअरबॉक्स उतरवल्यावर चकत्यांमधला खेळ, म्हणजे त्यांची मोकळी हालचाल, मोजायला लावा आणि कंपनीच्या मर्यादेशी ताडून बघा. न मोजता नुसतं ‘गेलंय’ म्हणणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

आणि राग मानू नका, पण विचारतो: गिअर टाकून ठेवायच्या सवयीने इंजिन पुरतं थांबण्याआधीच क्लचवरून पाय उचलता का? मग गाडी उडी मारणारच. न्यूट्रलमध्ये, क्लच सोडून, एसी बंद करून एकदा इंजिन बंद करून पाहा.

प्रश्न : माझ्या जुन्या कार्ब्युरेटरच्या स्पोर्ट्‌स कारचं इंजिन किल्ली काढल्यावरही धडधडत राहतं. हाही माउंटिंगचाच दोष का?

उत्तर : नाही. तुमचं इंजिन ठिणगीशिवाय पेटतंय. ज्वलनकक्षातला तापलेला कार्बन ठिणगीचं काम करतो आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ओढलं जातच राहतं. आयडलिंग जास्त ठेवलंय का ते आधी पाहा, मग ठिणगीचं टायमिंग आणि प्लगचा उष्णता-क्रमांक, म्हणजे प्लग किती तापतो ते सांगणारा आकडा. कार्ब्युरेटरला पेट्रोल तोडणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) असेल, तर किल्ली फिरवल्यावर त्याची टिकटिक येते का ऐका. दुरुस्ती होईपर्यंत ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच हळू सोडा, इंजिन मरेल.