उत्तर: नकाशाच्या आधी महेश्वरच्या वाटेवरचा घाट

ताई, नववीच्या मुलांना हवामान शिकवायला कुठला इंटरॅक्टिव्ह नकाशा घेऊ असं विचारलंत, तर इंदूरमधे इतकी वर्षं भूगोल शिकवून जे कळलं ते सांगतो. आधी म्हणजे विंडी, ती हवेचे अंदाज दाखवणारी वेबसाइट, नको. दिसतं भारी, वारे पळतात, पोरं खुश, पण ते आज-उद्याचं वेदर झालं, क्लायमेट म्हणजे 30 वर्षांची सरासरी, हा घोळ एकदा डोक्यात बसला की निघता निघत नाही.

मी लॅपटॉप उघडायच्या आधीच विचारतो, मे महिन्यात इंदूरहून महेश्वरला जाताना जाम गेटचा डोंगरघाट उतरलात की काय होतं? सगळे ओरडतात, सर भट्टी! मग हवामान विभागाचा तापमानाचा ग्रिड डेटा, म्हणजे चौकोना-चौकोनाने दिलेले आकडे, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधे लावतो (दोन्ही फुकट) आणि बघतात तर इंदूर न् महेश्वर एकाच रंगात. कारण तो ग्रिड 1 अंशाचा आहे, एक चौकोन साधारण 100 किमीच्या वर, आणि 22 ते 23 अक्षांश, 75 ते 76 रेखांश या एकाच चौकोनात दोन्ही गावं पडतात. एक मुलगी म्हणाली सर नकाशा खोटा आहे. खोटा नाही गं, त्याला घाट दिसतच नाही! त्या दिवशी जेवढे प्रश्न आले तेवढे वर्षभरात येत नाहीत.

मग वरून उंचीचा लेयर टाकायचा. इंदूर साडेपाचशे मीटरवर, महेश्वर साधारण 400 मीटर खाली, हजार मीटर वर गेलं की तापमान साडेसहा अंश उतरतं असं धरून अडीच अंशाचा फरक मुलं वहीतच काढतात. ग्वाल्हेर आपल्या उत्तरेला असूनही मे महिन्यात जास्त का तापतं, तेही मग अर्धं तिथेच सुटतं, कारण तेही इंदूरपेक्षा बरंच खाली आहे, उरलेलं राजस्थानकडच्या लू वर, म्हणजे उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्यावर ढकला.

पावसाचा डेटा बारीक आहे, पाव अंशाचा, 1901 पासूनचा, आणि नेटसीडीएफ या फाइल-प्रकारात मिळतो म्हणून क्यूजीआयएसमधे सरळ उघडतो. तापमानाची फाइल मात्र बायनरी, म्हणजे सरळ न उघडणारी, तिला आधी थोडं पायथन, म्हणजे प्रोग्रामिंग लागतं, मी कंप्युटरवाल्या सरांना पोहे-जलेबी खिलवून करून घेतलं. आणि हो, रंगांचे टप्पे मुलांनाच बदलू द्या, पाच टप्प्यांचे दोन केले की अर्धा माळवा एका क्लिकमधे कोरडा होतो, मग ती लेजंड, म्हणजे रंगांची सूची, वाचायला लागतात.

डेटा घरून डाउनलोड करून न्या, शाळेच्या नेटचा भरवसा नाही.