पदराआडचे हात

"मॅडम, हात असे काळे पडलेत, लोकांना काय सांगू?" किमोच्या गोळ्या चालू असलेल्या बायका मला हे हमखास विचारतात. सुमनताईंनी (नाव बदललं आहे) विचारलंच नाही. पदरात हात गुंडाळून बसल्या. चहा पुढे केला तर "नको" म्हणाल्या. कप धरायचा तर हात बाहेर काढावा लागला असता.

कोथरूडमधल्या चार घरी त्या 20 वर्षं पोळ्या करत होत्या. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि कॅपेसिटाबिन या किमोच्या औषधाच्या गोळ्या सुरू झाल्या. 14 दिवस गोळ्या, 7 दिवस सुट्टी. दोन-तीन फेऱ्यांत तळहात लाल झाले, मग काळवंडले, सालपटं निघू लागली. नखांवर काळ्या रेघा आल्या. एका घरच्या वहिनी म्हणाल्या, "थोडे दिवस राहू द्या, घरात बाळ आहे." बसमध्ये शेजारची बाई उठून पुढे जाऊन उभी राहिली. आणि रेशन दुकानात मशीन अंगठा घेईना. या औषधाने बोटांचे ठसे पुसट होऊ शकतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. "मॅडम, अंगठासुद्धा माझा राहिला नाही," म्हणाल्या आणि रडल्या. कॅन्सरचं सांगताना डोळ्यांत पाणी आलं नव्हतं.

पहिल्या भेटीत मी म्हणाले, "लोकांकडे लक्ष देऊ नका." ते आठवलं की अजून वाईट वाटतं. जिचं पोट लोकांच्या स्वयंपाकघरांवर चालतं, तिने लोकांकडे लक्ष द्यायचं नाही म्हणजे काय?

पुढच्या वेळी मी त्यांना हात टेबलावर ठेवायला सांगितलं. बराच वेळ गेला, पण ठेवले. उजव्या तळव्यावर, लाटण्याचा दाब येतो तिथेच, दोन खोल भेगा होत्या. रात्री आग व्हायची, चप्पल घालवत नव्हती. डॉक्टरांना यातलं काही सांगितलं नव्हतं. "गोळ्या बंद केल्या तर?" ही भीती. मला लोकांच्या बोलण्यापेक्षा याची जास्त काळजी वाटली. हात-पाय असे सोलवटले की डॉक्टर काही दिवस गोळ्या थांबवतात किंवा डोस कमी करतात. तोही उपचाराचाच भाग आहे, पण त्यासाठी दुखतंय हे त्यांना कळायला हवं. आम्ही त्याच दुपारी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. शेजारणीने दिलेली गोरं करायची क्रीम बंद करायला लावली. डॉक्टरांनी सांगितलेलं मलम, कोमट पाणी, सैल चपला, एवढंच ठेवलं.

तवा आणि लाटणंही थोडे दिवस बाजूला ठेवायचं होतं, कारण उष्णता आणि घासण्याने कातडी आणखी सोलते. सुमनताईंच्या मनात मात्र याचा अर्थ वेगळाच झाला होता: माझ्या हातचं कुणी खाऊ नये. हे दोन धागे सुटे करायलाच आमच्या तीन भेटी गेल्या. हात दुखतात म्हणून ते जपायचे. ते विटाळलेले नाहीत.

मग आम्ही एक वाक्य ठरवलं. "गोळ्यांमुळे कातडी अशी झालीय, शिवल्याने कुणाला काही होत नाही." माझ्यासमोर त्या ते आठ-दहा वेळा बोलल्या. सुरुवातीला मांडीकडे बघत, शेवटी माझ्याकडे बघत.

रेशनचं सोपं निघालं. कार्डावर सुनेचं नाव होतं, तिचा अंगठा चालला.

कामाच्या चारही घरी त्या स्वतः गेल्या, हात न झाकता. एका घरच्या आजींनी त्यांचे हात आपल्या हातात घेतले आणि विचारलं, "दुखतंय का गं फार?" दोन घरांनी तोवर सुनेला पाठवायला सांगितलं. बाळ असलेल्या घरातून फोन आला नाही.

"नाही आला तर नाही," सुमनताई म्हणाल्या आणि पुढ्यातला चहाचा कप दोन्ही हातांनी उचलला. आधी नीट फुंकर मारून, गरम लागू नये म्हणून.